तौफीकभाईंच्या गालांवरचा रंग

आखातातल्या अबू हलीफात, तिथल्या मराठी माणसांत, दोन महिने एकच कुजबुज होती. ताहिराने म्हणे रागाच्या भरात मराठी मंडळाच्या अध्यक्षांना, तौफीकभाईंना, काळा रंग फासला. कुणी म्हणे एका गालाला, कुणी म्हणे दोन्ही. ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, ते तर कानांचंही वर्णन करत.

ताहिरा जाब्रियातल्या दवाखान्यात नर्स. सासर श्रीवर्धनचं; पण नानी गुजरातकडची सिद्दी, कैक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशातली. नानीची धमाल, म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर गुडघे वाकवून, खांदे हलवत केलेला नाच, ताहिरा दर शुक्रवारी मंडळाच्या खोलीत शिकवी. फी नाही, करवंटीचा खुळखुळा मात्र ज्याचा त्याने बनवायचा. पोरं मराठीला इंग्रजीत उत्तरं देत, पण पाय नानीसारखेच टाकत.

यंदा मंडळाच्या संमेलनात धमाल ठरली. तौफीकभाईंचं अत्तराचं दुकान. माणूस दिसण्याआधी वास पोचे. त्यांनी हौसेने पोरांसाठी पानांचे घागरे आणि काळ्या रंगाच्या डब्या आणल्या. नाच ओरिजिनल वाटायला नको? ताहिराने सांगून पाहिलं, की नानी कडक इस्त्रीची साडी नेसून नाचायची. भाईंनी गोड आवाजात आठवण करून दिली, की मंडळाची खोली मागणारे बरेच आहेत.

खोली गेली तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला तर नानीचा नाच आपल्यापाशीच संपला, हे ताहिराला पक्कं ठाऊक होतं. तरी संमेलनाच्या दिवशी पडद्यामागे ती शांतपणे म्हणाली, “भाई, पोरं रंगणार नाहीत. माझा नाच करायला माझा रंग लावावा लागत नाही.”

पोरं रंगाला घाबरली, एवढाच अर्थ भाईंनी काढला. दहा मिनिटांनी ते पोरांपुढे आले, ते काळेकुळकुळीत गाल घेऊन.

आठ वर्षांच्या अलिनाने निरखून पाहिलं. “अंकल, तुम्ही ताहिरा आंटी झालात?”

ताहिराने खुळखुळ्यांवरून मान वर केली. भाईंनी रुमाल काढला, गाल घासघासून घासले; रंग गेला नाही. मग त्यांनीच घागरे गोळा करून पिशवीत कोंबले. पोरं आपापल्या कपड्यांत नाचली. आभाराचं भाषण भाईंनी तसल्याच गालांनी केलं, आणि जाताना खोलीची किल्ली ताहिराच्या हातात ठेवली.

रंग तौफीकभाईंनी स्वतःच्या हाताने लावला होता, पोरांची भीती मोडावी म्हणून. ताहिरा तेव्हा पलीकडे खुळखुळ्यांत खडे भरत होती.