सरांच्या कमरेचं हत्यार

किनवटच्या जंगलाला लागून ग्यानोबाचं शेत. रानडुकरं उभी ज्वारी लोळवायची, म्हणून बापानं बंदुकीचा परवाना काढला होता. बापामागं ती एकनळी ग्यानोबाच्या नावावर झाली. तो ती खांद्यावर टाकून गावातून उघड चालायचा. कुणाच्या घरी टेकायचं तर आधी काडतूस काढून ओट्यावर ठेवायचा, मग चहाला बसायचा. निवडणूक लागली की स्वतःच ठाण्यात नेऊन जमा करायचा. हत्यार चारचौघांना दिसलं पाहिजे, ही बापाची शिकवण. शर्टाखाली हत्यार बाळगणाऱ्याला गावात एकच नाव होतं, चोर.

लातुरात अशा माणसाला सर म्हणतात.

आनंदराज सरांचा नीटचा क्लास होता. मागं कधीतरी खंडणीची चिठ्ठी आली, तेव्हा त्यांनी परवान्याचं पिस्तूल घेतलं आणि सफारीखाली कमरेला लावून जीवशास्त्र शिकवायला लागले. फळ्यावर उंच लिहायला हात वर केला की शर्ट उचलला जायचा. शिक्षकांना माहीत, पोरांना माहीत, पालकांनाही ऐकून माहीत. बोलत मात्र कुणीच नव्हतं. बंदूक हाताळलेला माणूस दारावर बरा म्हणून सरांनी ग्यानोबाला गार्ड ठेवलं आणि हातात काठी दिली. त्याच्या पोरीला, ऋतुजाला, मात्र बॅचमध्ये फुकट बसवलं. तेवढ्यासाठी ग्यानोबा शेत भावावर सोडून तिला घेऊन क्लासच्याच जिन्याखालच्या खोलीत राहत होता. पोरगी हुशार होती, आणि परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

एकदा न राहवून तो म्हणाला होता, "सर, ते वरून लावा की. दिसलं की माणूस लांब राहतंय."

सर हसले. "अहो, पालक येतात इथं. घाबरतील ना!"

"मग ज्यानं भ्यावं, त्यालाबी दिसंना की."

सरांनी त्याला पाणी आणायला पाठवलं.

पालकसभेच्या दिवशी सर घाईघाईत बाथरूमला जाऊन आले आणि सभेत उभे राहिले. मागून ग्यानोबा नळ बघायला आत गेला, तर फ्लशच्या टाकीवर पिस्तूल.  बाहेर व्हरांडाभर पोरं. ठेवून जावं तर कुणाच्याही हाती लागेल. खिशात घालावं तर आपण चोर. मग त्यानं बापानं शिकवलं तेच केलं. नळी जमिनीकडं, घोड्याला बोट न लावता, दोन्ही तळहातांवर पिस्तूल घेऊन तो व्हरांड्यातून ओरडत निघाला, "बाजूला व्हा रे, हत्यार हाय!" आणि थेट सभेत जाऊन सरांच्या टेबलावर ठेवलं.

"सर, तुमचं बाथरूमात ऱ्हायलं होतं."

एक बाई किंचाळली. व्हरांड्यातल्या दोघा-तिघांनी तर तो येतानाच मोबाइल वर केले होते. संध्याकाळपर्यंत ते चित्र अख्ख्या लातुरात फिरलं, आणि त्यात सर कुठंच नव्हते. होता तो गार्डचा डगला घातलेला, पिस्तूल घेऊन पोरांतून चाललेला खेडवळ माणूस. असले लोक ठेवता कसे, म्हणून पालक सरांना विचारत होते. सरांच्या कमरेला काय असतं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

"खिशात घालून आणता येत नव्हतं?" सर दात-ओठ खात म्हणाले.

"खिशात घातल्यालं कुणी बघितलं असतं, तर मी चोर ठरलो असतो सर."

"आणि आता कोण ठरलात? उद्या सकाळी खोली मोकळी करा. मुलीलाही घेऊन जा."

ग्यानोबानं हात जोडले. दोन महिने तेवढं तिला बसू द्या म्हणाला. सरांनी सफारीची खालची बटणं लावली आणि ते पुढच्या तासाला गेले.

नांदेडच्या एस.टी.त ऋतुजा पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. अहमदपूर गेलं. मग खिडकीकडं बघतच म्हणाली, "पप्पा, शर्टाखाली झाकून आणलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

सर बोलले तेव्हा त्याला राग आला होता. पोरगी बोलली तेव्हा रागही आला नाही.

लोह्याला गावचा बसवंत चढला आणि पुढच्याच सीटवर बसला. "काय ग्यानोबा, सुट्टी लागली का पोरीच्या क्लासला?"

"हाव," ग्यानोबा म्हणाला, "लागली सुट्टी."

ऋतुजानं वळून बापाकडं बघितलं. ग्यानोबानं मान खाली घातली.