फिंतासच्या कुंडीतली एकतीस गांडुळं

मी ताहिरा, मूळची दाभोळची. कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या इमारतीत गांडुळांवरून जो गोंधळ झाला, त्याला कारण मीच. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको.

समोरच्या फ्लॅटमध्ये द्वारका राहायची, नाशिकची. नवरा जयदीप रिफायनरीत इंजिनिअर. ही बाई कोल्हापूरला गांडुळांवर पीएचडी करत होती. शहाण्णव साली लग्न होऊन इकडे आली आणि ते सगळं अर्धवट राहिलं. कुवेतच्या वाळूत कुठली आलीत गांडुळं! पण हिची नजर कायम जमिनीवर. खाली माळी झाडांना पाणी घालू लागला की ही ओढणी खोचून उकिडवी बसलीच. लोकांना वाटायचं, बाईच्या कानातलं पडलंय.

२००४ च्या जानेवारीत मी कढीपत्त्याची कुंडी बदलत होते, द्वारका मदतीला होती. कुंडी उपडी केली मात्र, तिने अशी किंकाळी फोडली की मला वाटलं, विंचूच!

"ताहिरा, गांडूळ! अगं, गांडूळ!"

एक नाही, एकतीस निघाली. तिने ती माझ्या पीठ मळायच्या परातीत ठेवून मोजली. परात मी तिलाच देऊन टाकली. दुसरं काय करणार?

"रोप कुठून आणलंस गं?"

"अर्दियाच्या नर्सरीतून."

खोटं! साफ खोटं. माझा नवरा झहूर मालवाहतुकीच्या कंपनीत, नियमाचा पक्का. विमानातून माती आणायची नाही, अशी त्याची सक्त ताकीद. आणि मी नव्व्याण्णव साली अम्मीच्या परसातलं रोप, मुळाला मूठभर लाल मातीसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून हँडबॅगेतून आणलं होतं. तेव्हापासून हा माणूस तो कढीपत्ता खातोय आणि अर्दियाच्या नर्सरीची तारीफ करतोय. आता कुठल्या तोंडाने सांगू?

द्वारका मात्र हवेत होती. "नवी जात निघाली ना, तर माझं नाव छापून येईल! आठ वर्षांनी, ताहिरा!" असं म्हणत तिने माझे हात धरले आणि बाल्कनीतच फुगडी घातली. मीही घातली. मनात चोरी आणि वर फुगडी, असली माझी गत.

पहिली गांडुळं तिने फॉर्मॅलिनमध्ये घालून कोल्हापूरच्या सरांना पाठवली. सरांचं उत्तर आलं, फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो, अल्कोहोलमध्ये पाठवा. अल्कोहोल! कुवेतमध्ये! जयदीपने कानांवर हात ठेवले. "गांडुळांपायी मला आत घालणार आहेस का?"

तोड मी काढली. जमइयात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, कोलनच्या, म्हणजे सुगंधी पाण्याच्या, या एवढाल्या बाटल्या मिळतात. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं, अल्कोहोल ऐंशी टक्के. झालं! जयदीप सुट्टीवर निघाला तो गुलाबाच्या वासाची गांडुळं घेऊन. मुंबईच्या कस्टमवाल्याने बाटली उघडून आधी मनापासून हुंगली, "वा!" म्हणाला, आणि मग आत पाहिलं. पुढचं जयदीप सांगायचा तेव्हा आम्ही हसून हसून आडव्या व्हायचो.

मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला होती. द्वारकाने सरांचं पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर फोडायला आणलं होतं. मोठ्याने वाचायला लागली आणि तिचा आवाज हळूहळू उतरत गेला.

जात नवी नव्हती. डीएनए सरांकडच्या दाभोळच्या गांडुळांशी तंतोतंत जुळत होता. या जातीला पिल्लांसाठी जोडीदार लागत नाही, एक आलं तरी कुंडी भरते. पण दाभोळचं गांडूळ अर्दियाच्या नर्सरीत कसं? सरांना शंका होती की द्वारकाच्या हातून नमुने बदलले असावेत. तसं नसेल, तर ते कधी आणि कसं आलं ते पुराव्यानिशी कळवा. वाळवंटात गांडूळ पोचतं कसं, याचा माग लागला तर ते नक्की छापण्याजोगं आहे. नाहीतर इथेच थांबू.

"मी नाही गं बदलले," द्वारका म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "एवढी का बावळट आहे मी?"

या अल्ला! मी हातातला घास ताटात ठेवला. झहूर कढीत भात कालवत होता, वर कढीपत्ता तरंगत होता.

"मी आणलं," मी म्हटलं. "दाभोळहून. हँडबॅगेतून. मातीसकट."

झहूरचा हात थांबला. "आणि अर्दिया?"

"अर्दियाची नर्सरी मी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नाही."

तो ताटावरून उठला. आतल्या खोलीत कपाटाचं दार धाडकन वाजलं. जयदीप छताकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं, आता माझं सामान बाहेर येतंय.

झहूर बाहेर आला तो माझा जुना पासपोर्ट घेऊन. पान उघडून त्याने द्वारकासमोर धरलं. "पुरावा हवा ना, वहिनी? हा घ्या शिक्का. चौदा मे नव्व्याण्णव." मग माझ्याकडे वळला. "या बाईसाठी इथे राहायचा इकामा मिळवायला मी चार महिने खेटे घातले. आणि ते गांडूळ कागदपत्रांशिवाय पाच वर्षं राहिलं! माझ्या घरात!"

पहिला बांध द्वारकाचा फुटला. रडता रडता हसायला लागली, मग कुणीच थांबेना. कढी गार झाली.

२००६ मध्ये द्वारकाचा शोधनिबंध छापलेलं नियतकालिक आलं. स्वतःचं छापलेलं नाव बघून द्वारकाने तीच किंकाळी फोडली, आणि खालच्या मजल्यावरचे लोक विंचू समजून चप्पल घेऊन धावत आले. शेवटी बारीक इंग्रजी अक्षरांत आभार होते: रोप आणि माती, ताहिरा, दाभोळ.

'माती' या शब्दाखाली झहूरने लाल पेनाने रेघ मारून ठेवली आहे.