चौकटीतली खूण

जून महिन्यात इथं ॲडम्सटाउनला संध्याकाळ संपता संपत नाही. ऊन विटांच्या भिंतींवर रेंगाळत राहतं आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा ओलसर गंध उघड्या खिडकीतून स्वयंपाकघरापर्यंत येतो. निवडणूक आली की खांबाखांबांवर उमेदवारांचे हसरे चेहरे बांधले जातात आणि वाऱ्यानं दिवसभर फडफडतात. पूर्वी मला तो आवाज उत्सवासारखा वाटायचा. यंदा तो ऐकला की मी खिडकी लावून घेते.

पाच वर्षांपूर्वी, अशाच प्रकाशात, मी परक्या देशात पहिल्यांदा मत दिलं. इथल्या स्थानिक निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही, तुम्ही इथं राहता एवढं पुरतं. शाळेतल्या मतदान केंद्रातून बाहेर पडून मी फाटकाशी फोटो काढला आणि अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीला, मेघनाला, पाठवला. खाली लिहिलं, "भारतीय पासपोर्टवर मत देऊन आले, बघ! तुझं नवं ग्रीन कार्ड काय शोभेला ठेवलंयस?" थोरलेपणाचा तोरा, दुसरं काय.

पुढच्याच आठवड्यात ती वाहन परवान्याच्या कचेरीत गेली. मतदार म्हणून नाव नोंदवायचं का, असा प्रश्न तिथल्या अर्जातच होता. तिनं खूण केली. तिच्या राज्यात मतदार कोणत्या पक्षाचा हेही सरकारी यादीत लिहितात, कारण पक्षाचा उमेदवार निवडायच्या प्राथमिक फेरीत त्यावरूनच मत देता येतं. तिनं पक्षही निवडला. 'मी अमेरिकेची नागरिक आहे' ही बारीक अक्षरांतली ओळ न वाचता खाली सही ठोकली. मग पक्षाची रंगीत पत्रकं तिच्या दारात पडू लागली. कामाच्या रगाड्यात मत द्यायला मात्र ती कधी गेली नाही.

या एप्रिलमध्ये ती नागरिकत्वाचा अर्ज भरायला बसली आणि त्यात प्रश्न आला, आपण कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं आहे का? तिचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते.

"ताई, वकील म्हणतात, नागरिक नसताना असं नोंदवणं गुन्हा आहे. परत पाठवू शकतात गं मला."

मोहरी करपून धूर झाला तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. तिची दोन्ही मुलं जन्मानं अमेरिकन, त्यांना कुणी हात लावणार नाही. जावं लागलं तर त्यांच्या आईला जावं लागेल.

हेतू फसवणुकीचा नव्हता, माझ्या चिडवण्यावरून तिचा गैरसमज झाला, हे दाखवायला वकिलांनी माझा तो जुना संदेश मागितला. दोन दिवस मी तो नुसता उघडून पाहत राहिले. पुसून टाकावा असंही एकदा मनात आलं, हे लिहिताना लाज वाटते. शेवटी घडलं तसं लिहून, सही करून, संदेशासकट पाठवलं. त्यानं ती तरेल की आणखी रुतेल, वकिलांनाही सांगता येत नाही. अर्ज दिला आहे, मुलाखतीची तारीख अजून यायची आहे.

आज इथं पुन्हा स्थानिक मतदान होतं. मी टाळाटाळ करत होते, तेव्हा माझ्या लेकीनं, सानिकानं, भांड्यांचं कपाट उघडून माझ्या नावाचं मतदानाचं कार्ड काढून दिलं. "ममा, इट वॉज इन द प्रेस. गो ऑन, यू'ल बी ग्रँड." इथं कपाटाला 'प्रेस' म्हणतात, आणि 'ग्रँड' म्हणजे सगळं ठीक.

गेले. शाळेच्या त्याच दालनात लाकडी आडोसा, दोरीला बांधलेली पेन्सिल, उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायला रिकाम्या चौकटी. मला इथं पूर्ण हक्क आहे हे ठाऊक असूनही मी कागदावरची सूचना तीनदा वाचली, आणि तरी पेन्सिल टेकवेना. कुणाला तरी विचारावं म्हणून मान वर केली, पण समोर नुसती फळी होती. मेघना परवान्याच्या कचेरीतल्या काउंटरवर उभी होती तेव्हा तिलाही विचारायला जवळ कुणी नव्हतं. तिच्या फोनमध्ये मी होते, फाटकाशी उभी, हसत.