समोर कोण हवं

जेम्स तुस्कानो वसईहून कॅनडात हॅमिल्टनला आला, पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झाला आणि उरलेलं आयुष्य त्याने फुटबॉलला वाहून टाकलं. हा इथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात. त्यात बघण्यासारखं काय आहे, हे वसईच्या भावांना पटवून देणं त्याला कधी जमलं नाही. पुढे पुढे त्याने प्रयत्नही सोडला.

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवारी दुपारी तिघे म्हातारे अरविंदच्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर जमले. अरविंद निवृत्त प्राध्यापक, दिलीप निवृत्त डॉक्टर. दोघांचं फुटबॉलचं ज्ञान बेताचं, मतं मात्र भरपूर. हॅमिल्टनचा दुसरा नंबर पक्का झाला होता, म्हणजे प्लेऑफचा पहिला सामना पुढच्या रविवारी घरच्याच मैदानावर. समोर कोण, ते आज ठरायचं होतं. मॉन्ट्रियल जिंकलं तर मॉन्ट्रियल, हरलं तर व्हँकुवर.

डॉक्टरांना व्हँकुवर हवं होतं. एवढा लांबचा प्रवास करून येणार, दमलेले असणार, वर आपली थंडी. अरविंदलाही ते पटलं. मॉन्ट्रियलने याच मोसमात आपल्याला दोनदा लोळवलेलं; असली पीडा आपणहून घरी कोण बोलावतं?

जेम्स बोलावत होता. मॉन्ट्रियलचा बचाव थकलाय, आपल्या तलावावरचा वारा त्यांना झेपत नाही, अशी कारणं त्याने जुळवून पाहिली. ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसे दोघे त्याच्याकडे बघत राहिले.

खरं कारण होतं ब्लांच, त्याची एकुलती एक लेक. मॉन्ट्रियलला विमानाच्या कंपनीत नोकरीला लागली, फ्रेंच शिकली आणि बापाच्या नाकावर टिच्चून मॉन्ट्रियलची फॅन झाली. तिची आई, शर्लिन, गेल्यापासून ती घरी आली नव्हती. मम्मीची रिकामी खुर्ची बघवत नाही, म्हणायची. पण मॉन्ट्रियलचा सामना हॅमिल्टनला असला की त्यांची लाल टोपी घालून फॅन मंडळींच्या बसमधून यायची. शर्लिनची स्टेडियममधली सीट जेम्स अजूनही दर मोसमाला घेत असे. ब्लांच तिथे बापाला खेटून बसायची आणि सामना संपला की त्याच बसने परत. तेवढ्या भेटीवर जेम्स महिनेच्या महिने काढायचा.

टीव्ही बघता बघता त्याची तंद्री लागली. डॉक्टरांचा आवाज लांब कुठेतरी गेला. सगळं स्टेडियम हॅमिल्टनच्या रंगात पिवळंधमक झालेलं, आणि खालच्या पायऱ्यांवरून एक लाल टोपी हळूहळू वर येतेय. धुकं पडलंय की माणसांच्या तोंडातली वाफ आहे, कळत नाही. शर्लिन शेजारी बसून थर्मासातला चहा ओततेय आणि चहा काही संपत नाही. टोपी वर येतेय, येतेय, पोचत मात्र नाही. जेम्सलाही घाई नव्हती.

टाळ्यांनी तो जागा झाला. मॉन्ट्रियल हरलं होतं. डॉक्टर नाचायचेच काय ते बाकी होते. जेम्सनेही टाळ्या वाजवल्या. हॅमिल्टन हरल्यावरसुद्धा इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं. आता जूनमध्ये नवा मोसम सुरू होईपर्यंत लाल टोपी नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो जिन्यापाशी गेला.

"डॅडी, वी आर आउट," ब्लांच म्हणाली.

"पाहिलं."

मग ती म्हणाली, "हरलो तेव्हा पहिलं हेच मनात आलं, की आता तू दिसणार नाहीस. रविवारी मम्मीची सीट रिकामी आहे?"

"तुझीच आहे ती. पण आता बस कुठली?"

"बस नाही तेच बरं. बस असली की मला पळून जाता यायचं. मी फ्रायडेला ड्राइव्ह करून येते, डॅडी. स्टेडियमवर नाही, घरी. मंडेपर्यंत राहते." आणि घाईने पुढे, "मी पिवळं घालणार नाही हं."

"नको घालूस," तो म्हणाला.

तो परत येऊन बसला. त्याने डोळे पुसले ते दोघांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. टीव्हीवर रविवारच्या सामन्याची चर्चा रंगली होती. जेम्स बराच वेळ तिकडे नुसता बघत राहिला.

"डॉक्टर," शेवटी त्याने विचारलं, "रविवारी आपल्यासमोर कोण आहे म्हणालात?"