कात्रीकाकांचं कुंपण

कात्रीकाकांनी उभ्या आयुष्यात हजारो डोकी हातावेगळी केली. म्हणजे आपल्या सलूनमध्ये, खुर्चीत बसवून, मानेभोवती पांढरं कापड गुंडाळून. पुढे मुलगा हाताशी आला. त्याने दुकानात गुबगुबीत खुर्च्या आणल्या, भिंतीवर रंगीत केसांच्या पोरांचे फोटो चिकटवले आणि एक दिवस बापाला प्रेमाने सांगितलं, "बाबा, आता तुम्ही आराम करा." आराम कशाशी खातात हे काकांना ठाऊक नव्हतं. ते व्हरांड्यात बसून राहिले आणि बसल्या बसल्या त्यांचे हात शिवशिवायला लागले.

समोरच्या घरात एक मास्तरीणबाई राहत. त्यांच्या फाटकाशी जास्वंदीचं झुडूप वाटेल तसं वाढलं होतं. काकांना झुडूप दिसलंच नाही, त्यांना दिसलं न विंचरलेलं डोकं. ते कात्री घेऊन रस्ता ओलांडून गेले, बुंध्याभोवती जुनी चादर पसरली, कात्री दोनदा हवेत चालवून पाहिली आणि बाईंना विचारलं, "बारीक की मध्यम?"

बाईंनी "मध्यम" म्हटलं आणि तिथून सगळं सुरू झालं. दोन आठवड्यांत, एक शेजारचं सोडलं तर, त्या गल्लीत असं एकही घर उरलं नाही, की जिथे काका कात्री आणि चादर घेऊन गेले नाहीत. आता कात्री चालली की तोंड चालणार, हा त्या धंद्याचा नियमच आहे. सलूनमध्ये ते गिऱ्हाइकांना जावई निवडण्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यावर सल्ले देत. इथे बागेवर द्यायला लागले. नवल असं, की सल्ले बरोबर असत. फक्त सांगायची तऱ्हा डोक्याची.

"गवताला झिरो मशीन लावायचं नाही," ते गल्लीतल्या एका कारकुनाला बजावत. "टाळू दिसली की ऊन लागतं. ऊन लागलं की टक्कल पडतं. आणि टकलावर तण सोडून काही उगवत नाही."

"पाणी सकाळी घाला, आणि मुळाशी घाला. डोकं ओलं करून पोट भरतं का कुणाचं?"

"बुंध्याभोवती मातीचा ढीग कशाला? हा काय मफलर आहे? गुदमरेल बिचारा, कुजून जाईल."

कुंपणाबाबत तर ते कुणाचं ऐकून घेत नसत. कुंपण खाली रुंद हवं, वर निमुळतं हवं, नाहीतर खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि झाडाचे पाय उघडे पडतात. आणि सगळ्यात मोठा नियम: एका बैठकीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. राहिलेलं पुढच्या खेपेला. हा नियम सांगताना ते तर्जनी वर करत.

सगळं खरं, पण जित्याची खोड. काकांना दोन्ही बाजू सारख्या केल्याशिवाय चैन पडत नसे. डावा कल्ला किंचित लांब दिसला की ते डावा कमी करत. मग उजवा लांब दिसे. मग उजवा कमी. असं करत करत कित्येक भल्या माणसांचे कल्ले कानाच्या वर जाऊन पोचले होते. जुनी गिऱ्हाइकं शहाणी होती. ती आरशात डोळा ठेवून बसत आणि वेळेवर "पुरे!" असं ओरडत. "पुरे" म्हटलं की काका जागच्या जागी थांबत. न म्हटलं तर देवच वाली. घरी हे काम काकूंकडे होतं. भाजी चिरतानासुद्धा त्या काकांच्या हातातल्या सुरीकडे बघत आणि "पुरे" म्हणत.

आता याच खोडीवरून काकांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण झालं होतं, तेही भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या सख्ख्या साडूशी.

साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पेशाने गवंडी, उंच, किडकिडीत, मितभाषी. खिशात पाणसळ, म्हणजे पातळी बघायची बुडबुड्याची पट्टी, घेऊन हिंडणारा. पाहुणा म्हणून कुठे गेला तरी आधी टेबलावर पाणसळ ठेवून बघणार आणि बुडबुडा मधोमध आला नाही तर चहा पिणार नाही, असला प्राणी. या दोघांची मैत्री मात्र बघण्यासारखी होती. दर रविवारी सकाळी काकांच्या व्हरांड्यात साडूचे केस कापले जात. कापायला फारसं काही नसे, पण बैठक दुपारपर्यंत चाले.

मग साडूच्या मुलीचं लग्न आलं. लग्नाच्या सकाळी काकांनी वस्तऱ्याचं नवं पातं काढलं, कापड धुऊन इस्त्री केलं, खुर्ची पुसून ठेवली आणि वाट बघत बसले. साडू आलाच नाही. भेटला तो थेट मांडवात, आणि डोकं कापून! थंडगार हवेच्या कुठल्याशा भपकेबाज दुकानातून. काकांच्या पायाखालची जमीन सरकली. भरल्या मांडवात ते म्हणाले, "हे कुणी केलं? उंदरांनी?"

साडूने शांतपणे उत्तर दिलं, "निदान दोन्ही कल्ले एका पातळीत आहेत."

झालं. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही. काकांनी दोन अंगणांच्या मधे मेंदीची एक ओळ लावली आणि जाहीर केलं, "या माणसाचं तोंड बघणार नाही!" दुसऱ्या दिवशी साडूने पलीकडून, वीतभर अंतरावर, आपलीही एक ओळ लावली. दोन्ही ओळी वाढल्या, एकमेकींत गुंतल्या आणि दोन पुरुष उंच झाल्या. बहिणींचं एकमेकींवाचून पान हलत नसे, पण वाटीभर साखर मागायची तर धाकटीला फाटकातून बाहेर पडून, वळसा घालून यावं लागे. तिचे गुडघे कुरकुरत. थोरलीने कितीदा सांगून पाहिलं, "अहो, कुंपण जरा कमी करा ना." काकांचं एकच उत्तर, "आधी त्याने बोलावं." पलीकडे धाकटीलाही हेच उत्तर मिळे. काका तोऱ्यात बोलत खरे, पण रविवारची सकाळ आली की त्यांना काही सुचत नसे. ते उगाच कात्रीला धार लावत बसत. साडूची त्यांना फार आठवण येई, आणि हे सांगायचं कुणाला, तर ज्याला सांगायचं तो कुंपणापलीकडे.

त्या रविवारीही ते धार लावत बसले होते. समोर मास्तरीणबाई गवतावर यंत्र फिरवत होत्या. काका तिथूनच ओरडले, "बाई, झिरो नको! टक्कल पडेल!"

बाई वर्गात रोज चाळीस पोरं सांभाळत, त्या ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. यंत्र बंद करून त्या म्हणाल्या, "काका, गल्लीभर सगळ्यांच्या डोक्याला हात घालता. तुमचं डोकं बघितलंत का कधी?"

काकांनी वळून आपल्या कुंपणाकडे पाहिलं. वर छत्रीसारखा पसारा आणि खाली नुसत्या उघड्या काड्या. त्यांनी गल्लीला जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं तिथे उभं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"नुसता शेंडा सारखा करतो," ते काकूंना म्हणाले. "त्या माणसाच्या डोक्याखाली येऊ देणार नाही. तिसरा हिस्सासुद्धा नाही. तू लक्ष ठेव आणि वेळेवर पुरे म्हण."

"ठेवते की," काकू म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

काकांनी कुंपणाखाली चादर पसरली आणि ते स्टुलावर चढले. कात्री चालू झाली. आपली ओळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत झकास कापली, आणि पलीकडे साडूची ओळ होती तेवढीच उंच राहिली. आता साडू कितीही रागावलेला असला तरी गवंडी होता. आपली बाजू वर आणि शेजारची खाली, हे त्याला सहन होणं शक्यच नव्हतं. थोड्याच वेळात पलीकडून शिडी लावल्याचा आवाज आला. मग दोरी ताणल्याचा. मग दुसरी कात्री.

आता गंमत अशी, की गल्ली होती उताराची. काका कापत डोळ्याने, म्हणजे जमिनीच्या उताराबरोबर. साडू कापे पाणसळीने, म्हणजे पाण्याबरोबर. त्यामुळे मागच्या विहिरीकडच्या टोकाला दोघांचं जमलं की फाटकाकडच्या टोकाला फसे, आणि फाटकाकडे जमलं की विहिरीकडे. जन्मभर एक डोळ्यावर विसंबलेला आणि दुसरा बुडबुड्यावर, दोघेही आपापल्या जागी बरोबर. अशी दोन बरोबर माणसं समोरासमोर आली की मधल्याचा निकाल लागतो.

"अगं," काका व्हरांड्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "काही लोकांना दिसत नाही वाटतं, फाटकाकडे बोटभर वर राहिलंय!"

पलीकडून आवाज आला, "अगं, काही लोकांना सांग चष्मा लावायला! पाणसळ खोटं बोलत नाही! अगं, कुठे आहेस?"

"इकडे ताईकडे!" व्हरांड्यातून धाकटी ओरडली. ती केव्हाच वळसा घालून आली होती. "तुमचं चालू द्या!"

काकांनी बोटभर कापलं. साडूने वीतभर कापलं. काकांचं स्टूल सुटलं, साडूची शिडी सुटली. फांद्यांचा गुडघाभर ढीग साचला. कुंपण डोक्याइतकं आलं तेव्हा धाकटी कुजबुजली, "ताई, पुरे म्हणायला हवं ना आता?"

"गप बस," काकू म्हणाल्या. "चहा पी."

पुढे काय झालं ते काकांच्या नीट लक्षात आलं नाही, कारण त्यांची नजर शेंड्यावर होती. शेंडा खाली खाली जात होता, काका वाकत होते, आणि कुंपण कमरेशी आलं तेव्हा पाठ सरळ करायला म्हणून ते उभे राहिले. पलीकडे साडूही पाठ सरळ करायला उभा राहिला. दोघांच्या नाकांमधे हातभर अंतर होतं.

साडूच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती. भर उन्हात. काकांना तेच आधी खटकलं. साडू गडबडून पुन्हा खाली वाकला, टोपी एका काडीला अडकली आणि निघून आली.

काकांनी आयुष्यात हजारो डोकी पाहिली होती, असं डोकं नव्हतं पाहिलं. एकीकडे टाळू उघडी, एकीकडे झुपका, मागच्या बाजूला पायऱ्या, आणि कानावर एक बट अशी, जणू कुणी विसरून गेलं होतं. त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "साडूभाऊ, हे कुणी केलं हो?"

पहिला शब्द आपण काढला, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

साडू काडीवरची टोपी सोडवू लागला. व्हरांड्यातून धाकटीच म्हणाली, "मी केलं, भाऊजी. दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने. काय करू? पोरीच्या लग्नानंतर दुसऱ्या कुणाच्या खुर्चीत बसतच नाहीत. म्हणतात, एकदा बसलो तेवढं बास."

साडू पुन्हा कात्री चालवत म्हणाला, "त्या दिवशी वाटलं, तुमच्याही घरचंच लग्न. नटायचं, मिरवायचं सोडून माझं डोकं कुठे करत बसाल? म्हणून गेलो तिकडे. मग तुम्ही उंदीर म्हणालात."

"मी खुर्ची पुसून बसलो होतो," काका म्हणाले. "कापडाला इस्त्री केली होती."

"मला काय माहीत?"

"मग विचारायचं ना!"

"तुम्ही कुंपण लावलंत!"

"तुम्हीपण लावलंत!"

दोघांनी मधल्या कुंपणाकडे पाहिलं. त्यांच्या बोलण्याच्या नादात कात्र्या चालूच राहिल्या होत्या. ते आता गुडघ्याच्याही खाली आलं होतं आणि विहिरीकडच्या टोकाला पाचर मारल्यासारखं तिरकं दिसत होतं. रस्त्यावरून मास्तरीणबाईंनी हाक मारली, "काका, तिसरा हिस्सा म्हणाला होतात ना?"

"मुळं शाबूत आहेत, बाई!" काका ओरडले. "फुटेल पुन्हा! पाणी घालू!" मग वर गेलेली तर्जनी खाली करून हळूच साडूला म्हणाले, "फुटलं नाही तरी चालेल."

साडूने एक लांब टांग टाकली आणि अलीकडे आला. काकूंनी खुर्ची आणलीच होती. काकांनी चादर झटकली, मेंदीची पानं उडाली, आणि तीच चादर त्यांनी साडूच्या मानेभोवती गुंडाळली. कात्री दोनदा हवेत चालवून त्यांनी विचारलं, "बारीक की मध्यम?"

"तुम्हाला ठाऊक आहे," साडू म्हणाला आणि डोळे मिटून बसला.

काकांनी डावी बाजू कापली. मग उजवी किंचित लांब दिसली. मग डावी. कल्ले कानाच्या मधोमध आले, मग कानाच्या वर गेले. झुपका गेला, पायऱ्या गेल्या, विसरलेली बट गेली. एवढ्यात धाकटीच्या लक्षात आलं की आता डोक्यावर काही उरणार नाही. तिने घाबरून थोरलीचा हात धरला. थोरलीने तोंड उघडलंही, पण साडूकडे पाहिलं आणि मिटलं. साडू चांगला जागा होता. चादरीखालून हात काढून त्याने मांडीवरची पाणसळ हळूच खिशात टाकली आणि मान आणखी थोडी पुढे झुकवली.

दुपार झाली, चहा दोनदा झाला, पण साडू काही "पुरे" म्हणाला नाही.