रिकामी बांधी

माझं संशोधन धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, पाण्यात राहणाऱ्या बारीक किड्यांवर आहे, हे नातेवाइकांना सांगणं मी केव्हाच सोडलं. "किडे मोजाले इतकी शिकली का वं?" असं एकदा मावशीनं भर लग्नात विचारलं अन् सगळा मांडव हसला. मीही हसले. काय करता!

मागच्या हंगामात मायनं घरच्या शेतातल्या चार बांध्या माझ्या कामाला दिल्या. तीन बांध्यांत धान रोवायचा. चौथीत नुसता चिखल करून पाणी भरायचं अन् तशीच सोडायची. धान नसलेल्या पाण्यात कोणते किडे राहतात हेच ठाऊक नसेल, तर धानामुळे कोणते आले हे सांगणार कशावरून? माझ्या गाईड सरांनी बजावलंच होतं, ती बांधी हातची गेली तर हंगाम गेला समज, पुढच्या रोवणीपर्यंत बस हात चोळत.

नेमकं रोवणीच्याच दिवशी सडक अर्जुनीला मैत्रिणीचं डोहाळजेवण निघालं. शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या लग्नात मी परीक्षेपायी जेवून लगेच पळाले होते, ते तिनं अजून सोडलेलं नाही. "या वेळी नाही आलीस, तर बाळाला सांगीन, तुला एक मावशी होती, तिला किड्यांनी खाल्लं." आता यावर काय बोलणार? चौथी बांधी अशीच राहू दे, असं मायला पुन्हा पुन्हा सांगितलं. "हो वं, जाय ना तू," ती म्हणाली. मी स्कूटी काढली.

काय मजा आली बाप्पा त्या दिवशी! गाणी झाली, उखाणे झाले, पोट दुखेपर्यंत हसलो. मी गेले नसते तर पुढचं काही घडलंच नसतं, असं सर नंतर म्हणाले. नसतं घडलं. पण ती दुपार मला हवी होती.

संध्याकाळी थेट शेतावर आले, तर चौथी बांधी हिरवीगार. रोवणीच्या बाया पाय धुऊन राहिल्या होत्या. माय चिखलानं माखलेली, पण चेहरा खुललेला.

"पाह्य, झाली पूर्ण! पऱ्हे पुरत नाही म्हणून लाजून सांगत नव्हती ना? मी शेजारून मागून आणले."

आमच्याकडे बांधी रिकामी राहते ती एकाच कारणानं. पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, कमी पडली की. अन् ज्याचे पऱ्हे कमी पडले त्याची चर्चा गावभर होते. आमची ती बांधी तर अगदी रस्त्याला लागून. पोरीच्या कामाला कोणी नावं ठेवू नये म्हणून माय दारोदार फिरली होती.

पण तेव्हा हे कुठलं सुचायला! डोकंच फिरलं माझं. "कायले हात लावला? आता उपटावं लागते सगळं!"

"रोवलेला धान उपटाचा?" माय माझ्याकडे पाहतच राहिली. "लोकं काय म्हणतीन?"

मग मी बांधावर बसून रडले. चांगली भोकाड पसरून. बाया मुकाट्यानं घरी गेल्या.

जेवताना मायनं एवढंच विचारलं, "खरंच साल जाते का वं?"

"जाते."



सकाळी उठले तर माय घरात नव्हती. शेतावर गेले. माय त्या बांधीत वाकून एकेक रोप उपटत होती, मुळं तुटू नयेत म्हणून बोटांनी चिखल सैल करत. बांधावर पेंड्या रचल्या होत्या, दुसऱ्या शेतात विरळ जागी लावायला. मीही सलवार खोचून उतरले. माफीबिफी काही मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. ऊन चढेपर्यंत बांधी मोकळी झाली. मला इतकं हलकं वाटलं की तिथंच मायला मिठी मारली. "सोड वं, चिखल लागते," म्हणाली.

पुढं आजूबाजूचा धान गुडघ्याएवढा झाला अन् रस्त्याकडेची ही बांधी उघडीच. एकदा मी जाळी घेऊन पाण्यात उभी होते, माय बांधावर गवत कापत होती. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं सायकल थांबवून विचारलं, "काऊन, पऱ्हे कमी पडले का या साली?"

मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "हो बाप्पा, कमीच पडले."

अन् माझ्याकडे वळून, "तू मोज."