पाचारण आलं म्हणे

आमच्या घरात भांडणं होत नसत. आम्ही प्रार्थना करत असू.

नाशिकला मिशन कंपाउंडच्या मागच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी साडेसातला, जेवणाच्या आधी, बाहेरच्या खोलीत चटई पडायची. आधी धाकटा भाऊ, मग मी, मग बाबांची विधवा बहीण म्हणजे आत्या, मग आई आणि शेवटी बाबा, अशी एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. नियम एकच होता आणि तो कडक होता. कुणाची प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, कारण तो माणूस आपल्याशी बोलत नसतो, देवाशी बोलत असतो.

या सोयीचा फायदा घेणार नाही तो माणूस कसला! आत्या लग्नाआधी आणि नंतरही सायखेड्यालाच राहिलेली, तिला तर हे फारच मानवलं. “प्रभू, तू समदं बघतोस,” ती सुरू करायची. “सकाळी साखरंचा डबा कुनी उघडा ठिवला त्ये बी तू बघितलं. मुंग्या लय झाल्या. त्या लेकराला क्षमा कर.” ते लेकरू मी. उत्तर द्यायला मला दुसऱ्या दिवशीचे साडेसात वाजेपर्यंत थांबावं लागे. मग मी म्हणे, “प्रभू, डबा उघडा ठेवणाऱ्यांना क्षमा कर, आणि दुपारी घर सामसूम झाल्यावर त्यातली साखर खाणाऱ्यांनाही कर.” भाऊ सलग पाच महिने देवाकडे क्रिकेटची बॅट मागत होता. देवाच्या पाठीमागे बाबा बसलेले आहेत, हे त्या वयातही त्याला बरोबर कळलं होतं.

शेवटचा शब्द बाबांचा. रेडिओ घ्यायचा का, घोटीच्या लग्नाला कुणी जायचं, आत्याला गावी कधी पाठवायचं, सगळं ते प्रभूच्या चरणी ठेवत आणि आमेन म्हणायच्या आत उचलून परत घेत. प्रभूचं आणि बाबांचं मत वेगळं पडल्याचं मला एकदाही आठवत नाही. बाबांना रेडिओ नको होता तेव्हा प्रभूलाही तो जगाचा मोह वाटत होता. पुढे बाबांच्या ऑफिसात सगळ्यांकडे रेडिओ आले, तेव्हा प्रभूला तो बातम्यांपुरता चालू लागला.

आई मात्र या संसदेत कधी भाग घेत नसे. ती दवाखान्यात नर्स होती. ड्युटीवरून येऊन, स्टोव्हवर भात चढवून ती चटईच्या कडेला टेकायची आणि रोज तेवढंच म्हणायची. “प्रभू, सगळ्यांना सांभाळ. आमेन.” मला वाटे, दमलेली असते बिचारी.

आमच्या चर्चच्या मंडळीत एक शब्द फार चालायचा, पाचारण. म्हणजे देवाने माणसाला त्याच्या कामासाठी स्वतः बोलावणं. पुरुषांना हे बोलावणं कुठल्याही वयात आणि कुठूनही येई. मुलींना ते मॅट्रिकच्या निकालानंतर, जूनमध्ये येई आणि दोनच ठिकाणांहून येई, नर्सिंग किंवा शाळा. माझ्या तिन्ही मावश्यांना ते असंच आलं होतं. आईला तर सोळाव्या वर्षी आलं. वर्षातून एकदा तरी बाबा चर्चमध्ये उभे राहून साक्ष देत, की प्रभूने माझ्या पत्नीला कोवळ्या वयात रुग्णसेवेसाठी पाचारण केलं. लोक माना डोलवत. बायकांच्या बाजूला बसलेली आई तेव्हा हातातल्या रुमालाच्या घड्या घालत असे.

सत्तरचं दशक संपता संपता मी दहावी झाले, तेव्हा माझंही पाचारण ठरल्यातच जमा होतं. बाबा आईच्या दवाखान्यातल्या मेट्रनबाईंना भेटून आले होते. देवाने अजून मला काही कळवलं नव्हतं, पण मेट्रनबाईंना कळवलं होतं.

माझं डोकं दुसरीकडे लागलं होतं, आणि त्याला कारण खुद्द बाबा. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. तिथले रद्दीत निघालेले नकाशे ते घरी आणत आणि आम्ही त्यांची कव्हरं वह्यांना घालत असू. माझ्या मराठीच्या वहीवर कालव्याचं अर्धं दार होतं. उरलेलं अर्धं भावाच्या भूगोलावर. वर्गात बाई शिकवत असताना मी त्या दाराच्या रेघा बघत बसे. कुठली जाड, कुठली बारीक, कुठली तुटक, आणि तुटक का, हे मला कुणी न सांगता कळायला लागलं तेव्हा इतका आनंद झाला होता, की मी वहीचं कव्हर काढून उशीखाली ठेवलं. म्हणून मी आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या, म्हणजे नकाशे काढण्याच्या, कोर्सचा फॉर्म गुपचूप भरला. बुधवारी यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. शनिवारी दुपारी बारापर्यंत दाखले आणि पालकांची सही घेऊन हजर व्हायचं होतं. दाखले बाबांच्या ट्रंकेत आणि सही बाबांच्या हातात.

बुधवारी संध्याकाळी मी देवाला ही बातमी दिली. बाबांना त्यातूनच कळली. माझ्यानंतर आत्या. “प्रभू, बाप्यांच्या घोळक्यात बसून रेघा मारनारी पोरगी आपल्यात झाली नाय. तिच्या डोक्यातलं खूळ काढ.” आईने सगळ्यांना सांभाळायला सांगितलं. बाबांनी पंधरा मिनिटं घेतली. सेवेची वाट सोडून स्वतःच्या इच्छेमागे धावणाऱ्यांसाठी त्यांनी कळवळून प्रार्थना केली. त्या धावणाऱ्यांत मी एकटीच होते.

गुरुवारी मी सगळी ताकद लावली. घरापासून अंतर, दोन वर्षांचा कोर्स, नोकरीची शक्यता, सगळं देवाला मुद्देसूद समजावलं. भाऊ भुकेने चुळबुळत होता. बाबांनी त्या दिवशी वीस मिनिटं घेतली आणि शेवटी जाहीर केलं, की प्रभूने हृदयात शांती दिलेली आहे. शांती त्यांच्या हृदयात होती. माझ्या हृदयात काय होतं ते लिहिण्यासारखं नाही.

शुक्रवारी माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं. “प्रभू, उद्या बाराला प्रवेशाची खिडकी बंद होते,” एवढं म्हणाले आणि रडू आलं म्हणून थांबले. आत्याने माझ्या अश्रूंबद्दल आभार मानले, पश्चात्ताप समजून. मग आईची पाळी आली. स्टोव्हवर भात होता. मी दोन वाक्यांच्या तयारीने बसले होते.

“प्रभू,” आई म्हणाली, “या घरात तुझ्या नावावर एक गोष्ट बावीस वर्षं सांगतात. ती खरी नाही, हे तुला ठाऊक आहे.”

भात शिजल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

“तू मला कधीच बोलावलं नव्हतंस. मी कान देऊन वाट बघितली होती. फॉर्म माझ्या वडिलांनी आणला, सही त्यांनी केली आणि बोलावणं तुझं आहे म्हणून सांगितलं. मी गेले. कामात कसूर केली नाही. पण दवाखान्याच्या पायऱ्या चढताना आज आपल्याला यावंसं वाटतंय, असं एक दिवस झालं नाही, प्रभू. एक दिवस नाही. माझ्या मुलीला तू काही सांगितलं असशील, तर तिला ऐकू दे. आणि सांगितलं नसशील, तर तुझ्या नावाने दुसऱ्या कुणी सांगू नये. आमेन.”

आता बाबा. “हे स्वर्गीय पित्या, परमकृपाळू देवा,” त्यांनी नेहमीची सुरुवात केली. भात करपायला लागला. मी डोळे उघडले. बाबांचेही उघडे होते आणि ते आईकडे बघत होते, नुकत्याच शेजारी राहायला आलेल्या बाईकडे बघावं तसे. आईचे मिटलेलेच होते.

“आमेन,” बाबा म्हणाले.

करपलेला भात आम्ही खाल्ला. आत्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि माझ्या आयुष्यात मी पाहिलेला चमत्कार म्हणाल तर तेवढाच. जेवणानंतर बाबांनी ट्रंक उघडली आणि सही केली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी चर्चमध्ये साक्ष दिली, की प्रभूने माझ्या कन्येला नकाशाच्या कामासाठी पाचारण केलं आहे. जलप्रलयात तरलेल्या नोहाच्या तारवाची, म्हणजे जहाजाची, मापं देवानेच दिली होती, याचीही त्यांनी मंडळीला आठवण करून दिली. मी मान खाली घालून हसत होते. मला काय, माझं काम झालं होतं. दोन वर्षांनी मी पास झाले, मग नोकरी लागली, आणि रेघा मारण्यात माझी सगळी उमर छान गेली.

आई त्या शनिवारी सकाळीही पांढरी साडी नेसून ड्युटीवर गेली. मी आयटीआयच्या रांगेत उभी होते, तेव्हा ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली असेल. निवृत्त होईपर्यंत, आणखी अकरा वर्षं, ती रोज चढत राहिली. संध्याकाळी पुन्हा आपली एक ओळीची प्रार्थना. तिला स्वतःला काय व्हायचं होतं, ते बाबांनी तिला विचारलं नाही. मीही नाही.